तबूकवाल्याचा हात

“आता मी जे सांगणार आहे, ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही. आजवर सतरा जणांना सांगितलं. त्यातला एक आमच्या गावचा गुरव होता, ज्याचं निम्मं आयुष्य लोकांच्या गाऱ्हाण्यांना मान डोलावण्यात गेलंय. त्यानेसुद्धा मान डोलावली नाही.”

एवढं बोलून मी बडीशेप तोंडात टाकली आणि थांबलो. थांबावं लागतं. न थांबता सांगितलेली गोष्ट लोक फुकटची समजतात.

रत्नाकरसाहेबांनी उठून टीव्हीचा आवाज बारीक केला. हे नाशिकचे इंजिनिअर, सौदीत धाहरानला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये राहतात. शुक्रवारी जेवायला दोन-तीन मराठी माणसं बोलावतात. मी कॅम्पात राहणारा, स्टोअरकीपर, मेसचं खाऊन आंबलेला, त्यामुळे माझा नंबर महिन्यातून दोनदा तरी लागतो. त्या शुक्रवारी, चौऱ्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात, माझ्याशिवाय एक नर्स होती. साहेबांच्या बायकोची, शर्मिलावहिनींची, आणि तिची ओळख बाजाराच्या बसमध्ये झालेली. बावीस-तेवीसची, कोकणातली, दोन महिन्यांपूर्वीच इथे आलेली. वहिनींनी नाव सांगितलं होतं, पण नर्स म्हटलं की मी सिस्टर म्हणतो आणि मोकळा होतो. ती फार बोलत नव्हती. मी बोलायला लागलो की मात्र मान वर करून बघायची, पुन्हा वाटीत बघायची.

टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल लागलं होतं. म्हणजे खेळ नाही, खेळावरची भांडणं. कोट घातलेले दोन जाडे गृहस्थ टेबलावर हात आपटून वाद घालत होते, की अमक्या टीमने तमक्या टीमला दोन खेळाडू देऊन बदल्यात घेतलेला नवा क्वार्टरबॅक चालणार की नाही.

“एका माणसावरून एवढा तमाशा?” वहिनी म्हणाल्या होत्या. “कोणाचं काय अडलंय त्याच्यावाचून?”

“अडतं वहिनी,” मी म्हणालो. “आमच्या कॅम्पात एकाचं अडलं होतं.”

तिथून हे सुरू झालं.

शहात्तर साल. तेव्हा इथे काही म्हणजे काही नव्हतं. वाळूसुद्धा कमी होती, ती नंतर मागवली.

“बाबाजी!” साहेब हसले.

हसा. धाहरानपासून बसने पाऊण तासावर आमचा कॅम्प. पोर्टाकेबिनच्या ओळी, एका खोलीत आठ खाटा. आमच्या ठेकेदार कंपनीचा सुपरिंटेंडेंट होता मिस्टर हॅडली, टेक्सासचा. उंची एवढी, की विमानतळवाल्यांनी पत्र पाठवून त्याच्या हेल्मेटवर लाल दिवा लावायला लावला होता. कामात देवमाणूस. फक्त एक वेड, हे फुटबॉल. चार-पाच कंपन्यांच्या अमेरिकनांच्या टीम होत्या, वाळूवर तेल शिंपडून, रोलर फिरवून मैदान केलेलं, तिथे दर शुक्रवारी सामना. हॅडली आमच्या टीमचा मालक, कोच, पुजारी, सगळं. आम्ही तारेच्या कुंपणाबाहेर केबलचे रिकामे ड्रम आडवे करून त्यावर बसायचो.

तुम्ही विचाराल, मालवाहू जहाजावर वाढलेल्या आणि कौलं शाकारलेल्या माणसांना त्या लंबगोल चेंडूचं काय? तर सांगतो. सुट्टीच्या अर्जावर हॅडलीची सही लागायची. सही झाली की ऑफिसातून पासपोर्ट सुटायचा, त्यावर एक्झिट-रीएंट्रीचा शिक्का, मग विमान. सही नाही तर काही नाही. आमचा मेसचा कुक गफूर, दापोलीचा, त्याने बहिणीच्या लग्नासाठी अर्ज दिला शनिवारी सकाळी. आदल्या दिवशी टीम हरलेली. हॅडलीने अर्ज वाचला, ‘नॉट नाऊ’ म्हणाला आणि परत दिला. दोन आठवड्यांनी महाडचा सिराजुद्दीन गेला, आमचा मचाणवाला, म्हणजे पाइप जोडून परांची बांधणारा. टीम जिंकलेली. हॅडलीने अर्ज उलटा धरला होता, तशीच उलटी सही केली.

झालं. कॅम्पाचा नियम ठरला. अर्ज द्यायचा तो शनिवारीच, आणि टीम जिंकली तरच. हरली तर अर्ज ट्रंकेत. मधल्या वारी कोणी गेला तर त्याला वेड्यात काढायचे.

“दोन उदाहरणांवरून नियम?” साहेब म्हणाले. इंजिनिअर माणूस.

“साहेब, तुमच्या थर्मामीटरलाही टोकं दोनच असतात.”

“अर्ज कोणाच्या ट्रंकेत?” हे सिस्टरने विचारलं. पहिल्यांदाच बोलली.

“माझ्या. इंग्रजी लिहिणारा मी एकटा, तेव्हा अर्ज मी लिहायचो आणि मीच सांभाळायचो. हिरवी ट्रंक होती. कॅम्पाचं पोस्ट ऑफिस म्हणा.”

तिने मान हलवली.

तर अशा रीतीने चारशे माणसांना अमेरिकन फुटबॉल पाठ झालं. क्वार्टरबॅक म्हणजे काय हे आम्हाला गफूरने समजावलं. म्हणाला, “अरे, हा वाढपी रे. पंगत उठून पळत सुटलीय आणि हा मधे उभा राहून कुणाला वाढायचं ते बघतोय. मागनं चार जण त्याची परात हिसकायला धावतायत.” इतकं सोपं करून त्या कोटवाल्यांनीही कधी सांगितलं नसेल.

त्या साली आमचा वाढपी पडला. खांदा निखळला. टीम ओळीने तीन सामने हरली आणि माझी ट्रंक अर्जांनी भरली. मग हॅडलीने तबूकला फोन केला. तिकडे आमच्याच कंपनीचं विमानतळाचं काम चाललेलं, त्यांची टीम वेगळी. तिथला क्वार्टरबॅक, सर्व्हेअर होता पोरगा, तो हॅडलीने मागून घेतला. बदल्यात काय दिलं? एक क्रेन ऑपरेटर, दोन खिडकीचे एसी आणि अमेरिकन मेसमधला नाताळपर्यंतचा सगळा शेंगदाण्याचा लगदा, ते पावाला लावतात तो. क्रेन ऑपरेटर बिचारा केरळी, त्याला तबूकला उतरल्यावर कळलं की आपण कशाच्या बदल्यात आलो.

तो पोरगा रविवारी आला. आम्ही त्याचं नाव ठेवलं तबूकवाला. आणि सोमवारी तुकारामला तार आली.

तुकाराम माझ्या शेजारच्या खाटेवरचा. वेल्डर. संगमेश्वर तालुक्यातला. तार सोमवारी दुपारी ऑफिसच्या शिपायाने आणून दिली, आम्ही जेवणाच्या सुट्टीत होतो. इंग्रजीत होती म्हणून त्याने माझ्याकडे दिली. मी वाचली. बायजाबाई सीरियस, ताबडतोब निघ. बायजाबाई त्याची बायको.

“सीरियस म्हणजे?” त्याने विचारलं.

मी म्हणालो, “आजारी.”

आपल्याकडे तारेत सीरियस का लिहितात ते त्यालाही माहीत होतं. त्याच्या बापाच्या वेळी त्यानेच मुंबईला भावाला तशी तार केली होती, हे मला त्यानेच एकदा सांगितलेलं. त्याने तार घडी करून खिशात घातली आणि उरलेला भात खाल्ला. डब्यातलं लिंबाचं लोणचंसुद्धा खाल्लं.

“कधीची निघालेली तार?” सिस्टरने विचारलं.

“शनिवारची.”

बाहेर आल्यावर सिराजुद्दीनने मला बाजूला घेतलं. तो मुसलमान माणूस, पण महाडला शेजारीपाजारी सगळे आपलेच. बोटांवर मोजून म्हणाला, “शनिवार धरला तर दहावं येत्या सोमवारी पडतं, बाबाजी.” मी म्हणालो, “हो.” याहून जास्त त्या विषयावर कॅम्पात कोणी कोणाशी बोललं नाही.

संध्याकाळी तुकाराम म्हणाला, “अर्ज लिहितोस?” मी लिहिला. तो म्हणाला, “उद्या देऊ?” आता आदल्या शुक्रवारी आमची टीम चाळीस विरुद्ध शून्य हरलेली. हॅडली तीन दिवस कोणाकडे बघत नव्हता. पुढच्या शुक्रवारी सामना होता, नवा माणूस आला होता. शनिवारी सही, शनिवारीच विमान, रविवारी मुंबई, रात्रीची एसटी, सोमवारी सकाळी घरी. बसत होतं सगळं. आणि उद्या अर्ज दिला, त्याने ‘नॉट नाऊ’ म्हटलं, की मग पुन्हा द्यायची सोय नाही. सगळ्यांचं असंच मत पडलं.

“सगळ्यांचं?” सिस्टर म्हणाली.

“सगळ्यांचं म्हणजे, मी म्हणालो आणि कोणी नाही म्हणालं नाही.”

तुकाराम बरं म्हणाला. अर्ज मी ट्रंकेत ठेवला.

मग चार दिवस आम्ही फक्त तबूकवाल्याबद्दल बोललो. जेवताना, बसमध्ये, आंघोळीच्या रांगेत. त्या कोटवाल्यांना दोन तासांचे पैसे मिळत असतील, आम्ही फुकटात चार दिवस बोललो. गप्प बसलं की तुकारामच्या खिशातल्या तारेचा कागद वाजायचा. वाजत नसेलही. आम्हाला ऐकू यायचा.

गफूर म्हणायचा, “चालणार. मी बघितलाय त्याला जेवताना. डाव्या हाताने पेपर धरतो, उजव्याने अंडं सोलतो, आणि नजर तिसरीकडेच. वाढप्याला असंच लागतं.”

“पण पंगत नवी आहे ना मेल्या,” सिराजुद्दीन म्हणायचा. “तुला सांगतो. मी खालनं क्लॅम्प फेकतो, वरचा झेलतो. चौथ्या मजल्यापर्यंत. रोजचा माणूस असला की वरचा बघतसुद्धा नाही, नुसता हात बाहेर काढतो, क्लॅम्प हातात. खाली नवा माणूस उभा राहिला की वरचा आधी त्याचं तोंड बघतो आणि मग हात काढतो. तेवढ्यात क्लॅम्प गेला खाली कुणाच्या तरी टाळक्यात.”

“मग शिकेल की.”

“शिकेल. महिन्याने. शुक्रवार कधी आहे?”

मग मी म्हणायचो, “सिराजभाई, हात चांगला असला की झेलणारा आपोआप सुधारतो.”

“तू कधी पाहिलास त्याचा हात?”

“बघितलाय,” मी सांगून टाकलं. बघितला नव्हता.

तुकाराम खाटेवर बसून ऐकायचा. त्याला कोणी विचारलं नव्हतं. बुधवारी गफूरनेच विचारलं, “तुका, तुझं काय मत?” तो म्हणाला, “शुक्रवारी वारा कुठून असेल?”

त्यावर आम्ही तासभर वाऱ्यावर बोललो.

तो कामावर रोज जात होता. त्या आठवड्यात त्याच्या वेल्डिंगचे सतरा जोड एक्स-रेला गेले आणि एकातही डाग निघाला नाही. इन्स्पेक्टर इस्मत नावाचा पाकिस्तानी होता, त्याने येऊन तुकारामची पाठ थोपटली. म्हणाला, असं काम मी कराचीतही पाहिलं नाही. तुकाराम शुक्रिया म्हणाला.

आणि एक गोष्ट. तेव्हा आम्ही घरी पत्रं कमी आणि कॅसेटी जास्त पाठवायचो. लिहिता कोणाला येतंय धड? गफूरचा जपानी टेपरेकॉर्डर होता, तो खोलीत फिरायचा. ज्याची पाळी तो भिंतीकडे तोंड करून बोलायचा, बाकीचे आपलं चालू ठेवायचे. तुकारामची एक बाजू तार यायच्या आधी भरून झाली होती. बुधवारी त्याने दुसरी बाजू भरली.

“कोणासाठी?” वहिनींनी विचारलं.

“बायजाबाईसाठी. अगोदर तिलाच बोलत होता, मग पुढेही तिलाच बोलला. वासरू विकू नकोस. पारूच्या चपलेला खिळा वर आलाय तो ठोकून घे. मी बहुतेक सोमवारी येतो. असं.”

वहिनींनी टेबलावरचा हात काढून मांडीवर ठेवला. सिस्टरच्या वाटीतलं श्रीखंड तसंच होतं. मला वाटलं, गोष्ट जरा जड झाली, आता हिला उचलायला हवं. हे माझं कामच आहे.

तर ऐका पुढे. बुधवारी संध्याकाळी मी उठलो आणि सरळ कुंपणाकडे गेलो. तबूकवाला एकटा सराव करत होता. एक टायर टांगलेलं, त्यातून चेंडू घालायचा. दहातले चार जात होते. सिराजुद्दीनचं खरं होतं. पण मी बघत राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, ह्याचा दोष मनगटात आहे. आम्ही खाडीकाठची माणसं. पाग टाकतो. पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, वहिनी. कमरेतनं वळून मनगटाला शेवटी अशी मुरड दिली, तर ते हवेत ताटासारखं उघडतं. नाही दिली तर धोतराच्या पिळासारखं पाण्यात पडतं. त्याला ती मुरडच माहीत नव्हती.

मी त्याला हाक मारली. ती मुरड इंग्रजीत कशी सांगणार? मालाचं जाळं होतं माझ्या स्टोअरमध्ये, ते आणलं, कुंपणाच्या ह्या बाजूने त्याला सहा वेळा पाग टाकून दाखवला. सहाव्या वेळी त्यात एक सरडा, दोन फोरमन आणि पाण्याच्या टँकरची नळी आली.

“दोन फोरमन!” साहेब खुर्चीत मागे रेलले.

छोटे होते. पोरगा हुशार. गुरुवारी त्याने माझ्यासमोर पस्तीस पावलांवरून खजूर फेकला तो पेप्सीच्या बाटलीत. बाटली गफूरच्या हातात होती आणि गफूर ती पीत होता.

वहिनी हसल्या. मलाही बरं वाटलं.

शुक्रवारी सगळा कॅम्प कुंपणाला. ड्रम पुरले नाहीत, लोक एकमेकांच्या खांद्यांवर बसले, आणि खालच्यांना वरचे सांगत होते काय चाललंय ते. तुकाराम माझ्या शेजारी. अंगावर धुतलेला शर्ट, पायात बूट, बॅग भरून खोलीत ठेवलेली. वारा वायव्येचा, वाळू घेऊन आलेला. थोड्या वेळात खेळाडू दिसेनात. सामना आवाजावर चालला. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही सहाने मागे.

तबूकवाल्याने चेंडू घेतला. चार जण त्याच्या अंगावर. तो मागे सरला, मागे सरला, कुंपणाला पाठ लागली. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी मनगट अस्सं मुरडून दाखवलं. आणि त्याने फेकला!

तो चेंडू वर गेला तो गेलाच. वाळूच्या वरती गेला. तिकडे दूर गॅसची ज्योत जळत असते ना, रात्रंदिवस, तिच्या वरून गेला. धाहरानच्या विमानतळावर मुंबईचं विमान उडायला निघालेलं, ते कंट्रोलवाल्याने सात मिनिटं रोखून धरलं, की हे काय येतंय ते कळू द्या. आमचा झेलणारा, लुइझियानाचा एक वेल्डिंग इन्स्पेक्टर, तो तोपर्यंत मैदानाच्या टोकाला पोचून, बसून, बुटाची नाडी बांधून उभा राहिला. चेंडू खाली आला तो गरम होता. त्याने छातीशी धरला तर जर्सीला भोक पडलं. पण सोडला नाही!

जिंकलो.

शनिवारी सकाळी सात वाजता मी अर्ज घेऊन हॅडलीसमोर. त्याने एक नाही, तीन सह्या केल्या. एक अर्जावर, एक माझ्या तळहातावर आणि एक टेबलावर. पासपोर्ट आठला सुटला. कफीलचा, म्हणजे आमच्या अरब जामीनदाराचा माणूस, जो एरवी बुक्रा बुक्रा करून जीव खातो, उद्या या, उद्या या, तो स्वतः गाडी घेऊन आला आणि यल्ला यल्ला, चला चला म्हणत तुकारामला विमानतळावर घेऊन गेला. तिथे ते विमान, शुक्रवारी अडवलेलं, त्याची वेळ अशी चुकली होती की शनिवारपर्यंत निघालंच नव्हतं.

रविवारी मुंबई. रात्रीची एसटी. घाटात ड्रायव्हरला तुकारामने नुसतं सांगितलं की सोमवारी दहावं आहे. त्या माणसाने पुढे एकाही थांब्यावर गाडी थांबवली नाही. लोक आपापल्या गावी चालत्या गाडीतनं उतरले.

सोमवारी सकाळी नदीवर सगळे जमलेले. पिंड मांडलेले. आणि समोरच्या आंब्यावर एक कावळा. पहाटेपासून बसलेला. दुसरे कावळे आले तर त्यांना हाकलतोय, पण स्वतः खाली येत नाही. भटजींनी हाका मारल्या, भावकीने नवस बोलले, ‘पोरीला सांभाळू’ म्हणाले. चोच मिटून बसलाय. आणि एवढ्यात वरनं, पायवाटेनं, तुकाराम. बुटांवर इथली वाळू तशीच. तो येऊन उभा राहिला. हात जोडले. आणि तो कावळा पानावर उतरला आणि...

“नाही शिवला.”

सिस्टर बोलली. आवाज चढलेला नव्हता. रुग्णाला ताप किती ते सांगावं तसा.

“काय?” साहेब म्हणाले.

“कावळा नाही शिवला. सकाळी आठपासून दुपारी अडीचपर्यंत आम्ही बसलो होतो. मग दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला. चुलत्यांनी लावला. बाबा नव्हते.” तिने चमचा वाटीत आडवा ठेवला. “मी पारू, काका. तुकारामची.”

मी बडीशेपेची डबी उघडली. उघडीच धरून बसलो.

“बाबा मे महिन्यात आले. वार्षिक सुट्टीवर. तो सामना तुम्ही हरलात. शनिवारी तुम्ही अर्ज बाहेर काढलाच नाही, आणि पुढल्या शुक्रवारपर्यंत दहावं गेलं, तेरावं आलं, मग बाबाच म्हणाले, आता राहू दे. नंतर कधीतरी त्या हॅडलीसाहेबाला कळलं. त्याने बाबांना बोलावून विचारलं, की बायको गेली, तर मला मंगळवारी का नाही सांगितलंस? मी त्याच दिवशी पाठवलं असतं.”

“पारू,” वहिनी म्हणाल्या.

“मी आल्यापासून विचार करतेय, हा आवाज कुठे ऐकलाय. वहिनी, ती कॅसेट आमच्याकडे पोचली, दहाव्यानंतर चार दिवसांनी. दुसऱ्या बाजूला बाबा वासराचं बोलतायत, माझ्या चपलेचं बोलतायत, आणि मागे माणसं भांडतायत. कोणी म्हणतंय पंगत नवी आहे. कोणी वाऱ्याचं बोलतंय. मी शंभरदा लावली असेल, मला त्यातलं काही कळायचं नाही. मग बाबा विचारतात, ‘बाबाजी, उद्या देऊन बघू का रे अर्ज?’ आणि तुम्ही म्हणता...”

तिने माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही म्हणता, ‘घाई नको, तुका. मी बघितलाय. हात चांगला आहे त्याचा.’”